बिजलीची खुशाली

सावेडी, नगर
८ सप्टेंबर २०२५

प्रिय भागवतराव आणि मालनबाई यांना सप्रेम सलाम.

बिजलीला तुमच्या पागेत ठेवून आज तीन आठवडे झाले. परवा शनिवारी मी येऊन गेले तेव्हा भागवतराव नालबंदाच्या गडबडीत होते, म्हणून काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. तशा त्या बोलल्या असत्या तरी तुमचं उत्तर मला निम्मंच कळलं असतं. उजवा कान चार वर्षांपूर्वी गेला आणि डावाही आता निवृत्तीच्या तयारीत आहे. म्हणून फोन करू नका. तुम्ही ‘हॅलो’ म्हणणार, मी ‘बरी आहे’ म्हणणार, त्यातून काही निष्पन्न होत नाही. भाचा आमोस दुबईहून मोबाईलवर फुलं आणि अंगठे पाठवतो, ते माझ्या काही कामाचे नाहीत. कागदावर लिहिलेलं बरं. पुन्हा पुन्हा वाचता येतं.

तर बिजलीविषयी. वय चोवीस. दाढा झिजल्या आहेत, हरभरा रात्रभर भिजवून मगच द्यावा. पुढचा उजवा पाय उचलण्याआधी तिला सांगावं लागतं, न सांगता हात लावला तर चावते. मलाही दोनदा चावली आहे. नावावर जाऊ नका, ते विकणाऱ्याने ठेवलं होतं. राजूरच्या दवाखान्यात मी एकवीस वर्षं नर्स होते. जीप जायची तिथपर्यंत जीप आणि त्यापुढच्या वाड्यांवर लसी घेऊन मी आणि बिजली. पेशंट आमच्या आधी चालत येऊन पोचायचे, इतकी तिची चाल. निवृत्तीनंतरही आम्ही दोघी तिथेच राहिलो. यंदा घरमालकाला घर हवं झालं, आमोस म्हणाला माझा नगरचा फ्लॅट रिकामाच आहे, आणि मी आले. तिसऱ्या मजल्यावर घोडी चढत नाही, म्हणून ती तुमच्याकडे.

सोबत एक वही पाठवते. रकाने आखले आहेत: चारा, पाणी, लीद, ताप. रोज भरायची सक्ती नाही, पण भरलीत तर मला बरं वाटेल. मी शनिवारी शनिवारी येतच जाईन.

तुमची
सारा भिंगारदिवे


सुपा
१५ सप्टेंबर २०२५

आदरणीय सारा सिस्टर यांना भागवतचा नमस्कार.

पत्र मिळालं. आमच्याकडे पोस्टमन आला की तो बहुधा सरकारी नोटीसच आणतो, त्यामुळे मालन आधी घाबरली. मग मी वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “बाई लई कडक हायत, पर जनावरावर जीव हाय त्यांचा.”

तुमची वही तिने दारामागे खिळ्याला अडकवली आहे. तिला लिहिता येत नाही, म्हणून ती रकान्यात फुल्या मारते. एक फुली म्हणजे नीट खाल्लं, दोन म्हणजे शेजारच्याचंही खाल्लं. या आठवड्यात सगळ्या दोन-दोन आहेत. हरभरा भिजवायचं काम मालनने स्वतःकडे घेतलंय, मला हात लावू देत नाही. पायाचं तुम्ही लिहिलंत ते आठ दिवस आधी लिहायला हवं होतं. नालबंदाच्या खांद्याला आता हळद लावली आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. माझं आधी नुसतं कडब्याचं दुकान होतं. एक गृहस्थ घोडा बांधून ‘दोन दिवस सांभाळा’ म्हणून गेले, ते आलेच नाहीत. तो घोडा आमच्याकडे नऊ वर्षं जगला. त्याच्यापायी ही पागा झाली. आज बिजली सोडून अकरा जनावरं आहेत, दोन वरातवाल्यांची, बाकी कारखान्यातल्या साहेबांची नाहीतर पुण्याच्या हौशी लोकांची.

दोन ऑक्टोबरला दसरा आहे. त्या दिवशी आमच्या पागेचा एक रिवाज आहे. आपापल्या घोड्याला हळदकुंकू ज्याने त्याने आपल्या हाताने लावायचं. मालकाच्या आधी मी बोट लावत नाही. मग सगळ्यांचं जेवण इथेच. बिजलीच्या शेजारी तुमच्यासाठी खुर्ची टाकून ठेवतो. नक्की या.

आपला
भागवत


सावेडी, नगर
२४ सप्टेंबर २०२५

प्रिय भागवतराव,

फुल्यांचं वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. मोठ्याने हसले असावे, नक्की सांगता येत नाही.

दसऱ्याला मला जमणार नाही. नेमकी त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांनी वेळ दिली आहे. तुमच्या इतर पाहुण्यांची गैरसोय होऊ नये, म्हणून आधी कळवते. त्याच्या अलीकडचा शनिवारही जाईल, कारण जरा कणकण आहे.

इथे ठीक आहे. आमोसने दाराच्या बेलला एक दिवा जोडून दिला आहे. कोणी बेल दाबली की स्वयंपाकघरात तो लागतो. चांगली सोय आहे. दूधवाला मात्र पिशवी कडीला अडकवून जातो, त्यामुळे दिवा अजून लागलेला मी पाहिला नाही. चर्चमध्ये गाणं सुरू झालं की लोकांच्या ओठांकडे बघत गाते, म्हणून अर्धी ओळ मागे असते. कोणी काही म्हणत नाही. ओळखही अजून कोणाशी झालेली नाही.

बिजलीला माझ्या वतीने हात लावा.

तुमची
सारा


सुपा
६ ऑक्टोबर २०२५

आदरणीय सिस्टर,

दसरा झाला. कानाचे डॉक्टर काय म्हणाले? दोन तारखेला एवढी मोठी सुट्टी असताना त्यांनी दवाखाना उघडला म्हणजे माणूस कामसू असणार.

यंदा चारच मालक आले. बाकीच्यांची कपाळं कोरी राहिली, त्यात बिजलीचंही. मालनने तिला गूळ दिला, तेवढाच तिचा दसरा.

एक गोष्ट सांगावी की नाही याचा दोन दिवस विचार केला. शनिवारी तुमची यायची वेळ झाली की ती फाटकाकडे तोंड करून उभी राहते. एस.टी.चा आवाज आला की कान टवकारते. तुम्ही उतरला नाहीत की संध्याकाळपर्यंत हरभऱ्याला तोंड लावत नाही. मुकं जनावर आहे, त्याला डॉक्टरच्या वेळा काय कळणार. तुम्ही एकदा येऊन गेलात तर बरं होईल.

आपला
भागवत


सावेडी, नगर
१३ ऑक्टोबर २०२५

प्रिय भागवतराव,

तुमचं पत्र वाचून मी रडले. शनिवारी यायला निघालेही होते. माळीवाड्याच्या स्टँडवर जाऊन बाकावर बसले. सुप्यावरून जाणारी पुण्याची गाडी लागली आणि मी चढले नाही. का, ते सांगते.

राजूरला लहान मुलांच्या खाटा माझ्याकडे असायच्या. डोंगरातली आई पोराला भेटून निघाली की पोर दिवसभर रडायचं, अन्नाला शिवायचं नाही. आई दुसऱ्या दिवशी आली की पुन्हा तेच. मग मी आयांना दोन-तीन दिवस दाराबाहेरच ठेवायचे. तिसऱ्या दिवशी पोर आपणहून पेज मागायचं. आया मला नाही नाही ते बोलायच्या. मी ऐकून घ्यायचे, तेव्हा ऐकू येत होतं.

बिजलीला हेच औषध लागू पडेल. दर शनिवारी मी येते आणि निघून जाते, हा तिला त्रास आहे, आणि तो मीच देते आहे. म्हणून आता काही दिवस मी येणार नाही. अंग घासायला मी दिलेला खरारा तिच्यासाठी वापरू नका, त्याला माझ्या हाताचा वास असेल. तुमच्याकडचा घ्या. ती खायला लागली की मला कळवा.

हे सोपं नाही, पण एवढं मला आलंच पाहिजे.

तुमची
सारा


सुपा
३ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सिस्टर,

तुमचं औषध चालत नाही. तिसरा आठवडा झाला, बिजली खात नाही म्हणजे नाही. पोटाच्या कडेला फासळ्या दिसायला लागल्या आहेत. घोडं म्हणजे लहान पोर नव्हे. आमचं एवढं ऐका, एकच दिवस या. मी स्वतः स्टँडवर गाडी घेऊन उभा राहतो.

वही सध्या बंद आहे. मालनला पेन सापडत नाही.

आपला
भागवत


सावेडी, नगर
१७ नोव्हेंबर २०२५

प्रिय भागवतराव आणि मालनबाई,

फासळ्या दिसतात हे वाचल्यापासून मला झोप नाही. दोन आठवडे विचार करून मी जे ठरवलं ते कळवते.

बिजली इथे रुळणार नाही. नगर, सुपा, हा उघडा माळ, हे तिचं नाही. तिला माझी आठवण येते म्हणजे तिला तिचा डोंगर आठवत असणार, मी त्यातलीच एक. मी तिला पुन्हा मिळणार नाही, डोंगर मिळू शकतो. राजूरजवळ छगन म्हणून आहे. त्याच्या दोन्ही मुलांच्या जन्माला मीच होते आणि बिजलीचं गवत तोच कापायचा. मी त्याला पत्र घातलं. तो म्हणतो, सिस्टर, खुशाल पाठवा, माझ्या गोठ्यात राहील. तो शनिवारी, २९ तारखेला सकाळी टेम्पो घेऊन तुमच्याकडे येईल. त्याच्या ताब्यात द्या.

मी त्या दिवशी येणार नाही. तिने मला पाहिलं तर ती टेम्पोत चढायची नाही, आणि मी चढू देणार नाही. राजूर आता माझ्याच्याने होत नाही, पाच तासांचा प्रवास आहे आणि तीन गाड्या बदलायच्या. त्यामुळे आमची भेट झाली तेवढी झाली.

तुम्हा दोघांना दोष नाही. मालनबाईंनी तिच्यासाठी केलं ते सख्खं माणूस करत नाही. तिचा जीव माझ्यात अडकला याला तुम्ही काय करणार?

तुमची
सारा


सुपा
२१ नोव्हेंबर २०२५
(स्पीड पोस्टाने)

आदरणीय सिस्टर,

आधी हात जोडतो, मग लिहितो. छगनचा टेम्पो थांबवा. मी तुमच्याशी खोटं बोललो.

बिजली तुम्ही सोडून गेलात त्याच रात्री पोटभर जेवली. चौथ्या दिवशी तिने वरातीच्या पांढऱ्या घोड्याला पाण्याच्या हौदावरून हुसकावलं, आणि तेव्हापासून आधी ती पिते, मग बाकीचे. फासळ्या सोडा, तिच्या पोटाला पट्टा पुरत नाही. फाटकाकडे तोंड करून उभी राहते हे खरं आहे. पण ती रोजच राहते, कारण हिरव्या चाऱ्याची, लसूणघासाची गाडी तिकडून येते.

का बोललो तेही सांगतो. अकरांपैकी सात जनावरांचे मालक आता फिरकत नाहीत. सुरुवातीला दर आठवड्याला येतात, मुलांना घेऊन, गाजरं घेऊन. मग महिन्याने. मग कणकण असते, मीटिंग असते. दसऱ्याला जो आला नाही तो पुढे येत नाही, हे मी अठरा वर्षं बघत आलोय. तुम्ही सुट्टीच्या दिवशी डॉक्टर सांगितलात आणि मी समजायचं ते समजलो. म्हटलं, सिस्टरही गेल्या. जनावराची आठवण सांगितली की माणूस निदान एकदा येतो. आधी दोघांवर ही युक्ती चालली होती. प्रेम आहे म्हणून न येणारा मालक मला पहिल्यांदाच भेटला. तुम्ही नाही म्हणालात तसं मी अजून वाढवून लिहिलं.

वही बंद नव्हती. मालनने संप केला होता. म्हणाली, “जनावर खातंय अन् तुमी लिवताय खात न्हाई. म्या न्हाई खोट्या फुल्या मारनार. त्या बाई तिकडं एकट्या हायत, जीवाला लावून घेतील.” तुमचं सतरा तारखेचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा तिने मला जे सुनावलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एवढं मात्र लिहितो: “तुमी म्हन्ता त्या सोडून गेल्या. आवो, चर्चात जानाऱ्या बाईला तुमी चार लोकांम्होरं कुकू लावाया बोलिवलं. त्या कशा येतील? अन् न्हाई तरी कशा म्हन्तील? नुस्ता हात ठिवला आसता जनावराच्या कपाळावर, तरी झालं आसतं. पर तुमी इचारलंच न्हाई.”

सिस्टर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रिवाज माझा, आणि अडचण तुमची केली. माफी असावी.

बिजलीला पाठवू नका. छगन भला माणूस असेल, पण या वयात तिला घाटातून टेम्पोत उभं करणं आणि राजूरची थंडी, दोन्ही सोसायचं नाही. इथे मालन रोज तिचा हरभरा भिजवते, थंडीत अंगावर गोधडी टाकते. ती सुखात आहे. तिला तुमची आठवण येते का, हे मला खरंच माहीत नाही. इतकी वर्षं घोड्यांत काढली, तरी त्यांच्या मनातलं मला कळत नाही. यापुढे जे दिसेल तेवढंच लिहीन.

मला बोलायला तरी या.

आपला
भागवत


सावेडी, नगर
२५ नोव्हेंबर २०२५

प्रिय भागवतराव आणि मालनबाई,

छगनला शेजारच्या मुलीकडून फोन करवून घेतला. टेम्पो येणार नाही. ते आधी लिहिलं, म्हणजे तुम्ही पुढचं शांतपणे वाचाल.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा इतका राग आला की कागद खाली ठेवून भांडी घासली. दुसऱ्यांदा लसूणघासाच्या गाडीपाशी हसू आलं. तिसऱ्यांदा काहीच आलं नाही, आणि मी हे पत्र लिहायला बसले.

मालनबाईंनी बरोबर ओळखलं. मला तेच जड गेलं. तुमच्या दारात, तुमच्या सणाला, सगळ्यांसमोर नको म्हणायचं माझ्या जिवावर आलं. आणि लावते म्हणावं तर तेही माझ्याच्याने झालं नसतं. म्हणून डॉक्टर काढला. गांधी जयंती डोक्यात आली नाही, पकडले गेले. तेव्हा खोट्याची सुरुवात माझीच आहे, तुम्ही एकटे शरमू नका.

भागवतराव, मीही हा धंदा केलेला आहे. म्हातारी शेवटच्या घटका मोजत असायची आणि मी तिला सांगायचे, तुमचा लेक काल येऊन विचारून गेला, तुम्ही झोपला होतात. लेक महिन्यात फिरकलेला नसायचा. म्हातारीच्या चेहऱ्यावर काहीतरी यायचं, आणि मी पुढच्या खाटेकडे जायचे. तिला आतून काय वाटत असेल, हे मला कधी ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं. हा दीड महिना मी या घरात फार वाईट काढला नाही. रडत होते, झोप येत नव्हती, तरी शनिवारी चहा ठेवताना मनात असायचं की तिकडे कोणीतरी आपल्यासाठी उपाशी उभं आहे. असं वाटून बरं वाटणं चांगलं नाही, मी नर्स आहे, मला कळतं. पण बरं वाटायचं. या गावात मी येऊन तीन महिने झाले आणि माझ्याशिवाय कोणाचंही काही अडलेलं नाही.

ते तुम्ही आता काढून घेतलंत. वाईट वाटतंय, आणि तरी तुमचे उपकार आहेत. माझ्यासाठी खोटं बोलायची तसदी आजवर कोणी घेतली नव्हती, आणि मग ते कबूल करायची तर नाहीच नाही. त्या सात जनावरांचे मालक फिरकत नाहीत असं तुम्ही लिहिता. त्यांचे मालक तुम्ही दोघं आहात. हे तुम्हाला कोणी तोंडावर सांगितलं नसेल, म्हणून मी लिहून देते.

मी शनिवारी येते. सकाळच्या गाडीने. स्टँडवर गाडी घेऊन या, पण हॉर्न वाजवू नका, समोर येऊन उभे राहा. आणि एक सांगते, ते नीट ऐका. मी आले म्हणून बिजलीला हाका मारू नका. तिला वळवून माझ्यापुढे आणू नका. ती घास खात असेल तर खाऊ द्या, तिने मान वर केली नाही तरी मला चालेल. मी तिच्या शेजारी बसेन आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाईन. पुढच्या शनिवारी पुन्हा येईन. इतके दिवस मी तिच्या आठवणीचं औषध करत होते. आठवण मलाच येत होती.

तुमची
सारा